काडी, थंडी आणि माती : हायड्रेंजियाला फूल का येत नाही?

थंडी ओसरायला लागली की पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत हायड्रेंजियाच्या कुंड्या पुढच्या रांगेत येऊन बसतात. दीड वीत उंचीचं झाड आणि त्यावर नारळाएवढा निळा नाहीतर गुलाबी गेंद. माणूस थांबतोच. कुंडी घरी येते, महिना-दीड महिना गेंद टिकतो, मग हिरवट पडून वाळतो. झाडाला मात्र काहीही झालेलं नसतं. पावसाळ्यात पंजाएवढी पानं फुटतात, कुंडी भरून जाते. एक वर्ष जातं, दुसरं जातं, पानांवर पानं येत राहतात आणि फुलाचा पत्ता नसतो. अकरा वर्षं मी हे झाड पुण्यात कुंडीत सांभाळते आहे. बागेची हौस असलेल्या ओळखीच्या माणसांकडून हा प्रश्न जितक्या वेळा ऐकला, तितका दुसऱ्या कुठल्याच झाडाबद्दल ऐकलेला नाही.

या प्रश्नावर सल्ले पुष्कळ मिळतात. हाडांचा चुरा घाला, एप्सम सॉल्ट टाका, उन्हात ठेवा, सावलीत ठेवा, तुरटीचं पाणी द्या, गंजके खिळे पुरा. यातले काही निरुपद्रवी, काही थेट घातक आहेत. पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही : तुम्ही छाटणी कोणत्या महिन्यात केली? आणि थंडीत झाड कुठे होतं?

नर्सरीत मिळतो तो बहुतेक वेळा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, शास्त्रीय नावातला ‘मॅक्रोफायला’. तो मूळचा जपानचा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७८४ साली त्याचं वर्णन केलं, तेही वेगळ्याच प्रजातीत घालून. या झाडाचा स्वभाव असा की उन्हाळ्यात उमलणारं फूल आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच काडीच्या टोकाच्या डोळ्यात तयार होतं. पानं पिकायला लागतात, रात्री गार होतात, दिवस लहान होतात, त्या सुमारास डोळ्याच्या आत फुलोरा घडतो. मग तो थंडीत निजतो आणि ऊब आली की बाहेर पडतो. म्हणजे मार्चमध्ये कुंडीसमोर उभं राहून ‘या वर्षी फूल येईल का?’ असं विचारायला आपण पाच-सहा महिने उशीर केलेला असतो.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली की पुढच्या काही आठवड्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, हे तो रोजच्या बोलण्यात बोलतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहूनच कात्री चालवतो. आपल्याकडे हे ज्ञान इतकं मुरलेलं असताना घरच्या कुंडीपुढे मात्र आपण झाड ‘नीटनेटकं’ करण्यासाठी कधीही कात्री उचलतो. माझ्या झाडाची दोन वर्षं अशीच गेली. डिसेंबरात माळी आले, सगळ्या कुंड्यांची एकसारखी डोकी उडवून गेले, आणि मी त्यांना चहा दिला. उडवलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर एकेक गेंद गेला होता, हे मला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

त्या हिवाळ्यात, जानेवारीत, मी एक डोळा मुद्दाम कापून पाहिला. झाडाला तेव्हा नऊ काड्या होत्या. काहींच्या टोकाचे डोळे फुगीर, बोथट, वाटाण्याएवढे. काहींचे बारीक आणि टोकदार. एक फुगीर डोळा ब्लेडने उभा चिरला आणि दहापट भिंगाखाली धरला. बाहेर जांभळट-तपकिरी पापुद्रे, आत एकात एक घडी घातलेली चार-सहा पानं, आणि अगदी मध्यभागी पांढुरका हिरवा, दाणेदार ठिपका. फ्लॉवरचा गड्डा टाचणीच्या डोक्याएवढा करावा तसा. तो पुरा गेंद होता. मग बारीक डोळा चिरला : पानात पान, त्यात आणखी पान, आणि शेवटी नुसतं टोक. एक फूल हकनाक गेलं, पण त्या दिवसानंतर मला झाडाला खत घालून फुलाची वाट पाहावी लागली नाही. जानेवारीत डोळे मोजले की मार्च-एप्रिलचा हिशेब हातात येतो.

आता हाच नियम सगळ्या हायड्रेंजियांना लागू नाही, आणि इथेच बहुतेक सल्ल्यांचा घोटाळा होतो. या प्रजातीत सत्तरहून अधिक जाती आहेत, बागेत पाच-सहा लावल्या जातात. मोठ्या पानांचा मॅक्रोफायला, त्याचा डोंगराळ जपानी भाऊबंद ‘सेराटा’ आणि अमेरिकेचा ओकसारख्या पानांचा ‘क्वर्सिफोलिया’ हे तिघे जुन्या काडीवर फुलतात. ‘आर्बोरेसन्स’ आणि शंकूच्या आकाराचे तुरे देणारा ‘पॅनिक्युलाटा’ हे दोघे नव्या फुटीवर. यांना थंडीच्या शेवटी निम्म्याहून अधिक छाटलं तरी त्याच वर्षी भरघोस फुलतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ॲना नावाच्या गावाजवळ १९१० साली रानात सापडलेलं आणि १९६२ मध्ये बाजारात आलेलं ‘ॲनाबेल’ हे याच आर्बोरेसन्सचं वाण. वेलीसारखा भिंतीवर चढणारा ‘पेटिओलॅरिस’ वेगळाच. तो लावल्यावर कित्येक वर्षं फुलत नाही आणि त्यात त्याची काही चूक नसते. आपल्या हिमालयातही ‘हेटेरोमल्ला’ हा पांढऱ्या झुपक्यांचा हायड्रेंजिया रानात वाढतो. ॲनाबेलवाल्याने मॅक्रोफायलावाल्याला ‘खुशाल खालपर्यंत छाट’ म्हणून सांगितलं की त्याचं वर्ष गेलंच म्हणून समजा.

न्यू जर्सीत किंवा टोरांटोकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या अंगणात हे झाड हमखास असतं, आणि तक्रार तीच असते. फक्त कारण उलटं. तिथे थंडीचा तुटवडा नाही, अतिरेक आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात काडी वरून मरते. किंवा हिवाळा निभावतो, एप्रिलच्या उबेने डोळे फुगतात आणि मग एका रात्रीच्या हिमाने ते करपतात. झाड बुडापासून पुन्हा फुटतं, हिरवंगार होतं, पण फूल गेलेलं असतं. उरलेले शेंडे हरणं खातात. तिथे नोव्हेंबरात झाडाभोवती जाळीचं कडं करून त्यात वाळकी पानं भरणं, कुंडी असेल तर गॅरेजमध्ये नेणं, आणि वसंतात काडी मेली असं वाटलं तरी साल नखाने खरवडून आत हिरवं आहे का ते पाहिल्याशिवाय न कापणं, एवढं केलं तरी पुष्कळ. इंग्लंडमध्ये वाळके गेंद हिवाळाभर झाडावरच ठेवतात, कारण ते खालच्या डोळ्यांना हिमापासून आडोसा देतात. वसंतात फक्त वाळका गेंद त्याखालच्या पहिल्या दमदार डोळ्यांच्या जोडीपर्यंत काढतात. इंग्रजी पुस्तकातला हा ‘मार्चमध्ये छाटा’ सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलला गेला आहे. पुण्यात मार्चमध्ये झाड कळीवर असतं.

मिनेसोटातल्या बेली नर्सरीत १९९८ साली मायकेल डर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेला एक मॅक्रोफायला पडला. कडक थंडीत काड्या मरूनही तो नव्या फुटीवर फुलत होता. २००४ मध्ये तो ‘एंडलेस समर’ नावाने बाजारात आला आणि त्यापाठोपाठ दुबार फुलणारी इतर वाणंही आली. थंड देशातल्या माणसाने नवं झाड घ्यायचं तर असंच घ्यावं. आपल्या उष्ण शहरांसाठी मात्र हे वाण रामबाण नाही, कारण आपली अडचण मेलेल्या काडीची नाही.

आपली अडचण थंडीची आहे. मॅक्रोफायलाच्या डोळ्यात फुलोरा घडायला सुमारे १३ ते १८ अंश सेल्सिअसचा गारवा कित्येक आठवडे लागतो. घडलेला फुलोरा नीट बाहेर यायला त्याहून थंड हवेत सहा ते आठ आठवड्यांची झोप लागते. युरोप-अमेरिकेतले कुंडीचे उत्पादक झाडं पानं झडवून शीतगृहात ५-७ अंशांवर दीड-दोन महिने ठेवतात आणि मग उबदार हरितगृहात आणून सणाच्या तारखेला फुलवतात. नर्सरीत पहिल्या दिवशी दिसलेलं फूल हे असं डोंगरावरच्या किंवा यंत्राच्या थंडीत घडलेलं असतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा बहुधा १६-१८च्या खाली फारसा उतरत नाही आणि दुपारी तिशी ओलांडतो. तिथे डोळ्यात पानंच तयार होतात. ‘दोन वर्षं जीव लावला, तरी फुलत नाही’ असं मुंबईची मैत्रीण सांगते तेव्हा तिच्या हातून काहीही चुकलेलं नसतं.

महाबळेश्वरला चित्र पालटतं. १,३७२ मीटर उंची. पावसाळ्याचे तीन महिने ढगात बुडालेले, दिवसाचं तापमानही विशीच्या आसपास. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे दवबिंदू गोठतात, त्याच्या बातम्या दर वर्षी येतात. फुलोरा घडण्यासाठी लागणारा गारवा तिथे महिनोन् महिने आहे. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात हे झाड जमिनीत, फारसं लाड न करता फुलतं, तसंच उटी, कोडाईकनाल, दार्जिलिंगलाही.

आणि तिथला रंग पाहा. या फुलाच्या रंगाची कहाणी मातीत आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच वाचता येईल. मुळात गेंदात दिसतात त्या पाकळ्या नाहीत. बोगनवेलीत जशी रंगीत पानं फुलाचं काम करतात, तशी इथे निदलं मोठी होऊन रंगतात. त्यांतला रंगद्रव्याचा रेणू एकच. मुळांनी मातीतून ॲल्युमिनियम उचललं तर तो निळा दिसतो, नाही मिळालं तर गुलाबी. ॲल्युमिनियम जवळपास प्रत्येक मातीत असतं, पण आम्ल मातीतच ते पाण्यात विरघळून मुळांना मिळतं. मातीचा सामू (पीएच) ५ ते ५.५ असेल तर निळा, ६.५च्या वर गेला की गुलाबी, मधल्या टप्प्यात जांभळट, कधी एकाच झाडावर दोन्ही. पांढरी वाणं रंग बदलत नाहीत. त्यांच्यात रंगद्रव्यच नसतं.

महाबळेश्वरचा डोंगर आणि खाली वाईचं खोरं, दोन्हींचा खडक एकच : दख्खनचा काळा बेसॉल्ट, त्याच लाव्हाचे थर. वर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पावसाने लाखो वर्षं चुना धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, जांभा झाला, माती आम्ल झाली. घाट उतरून पूर्वेला आलं की पाऊस झपाट्याने कमी होतो, चुना मातीतच राहतो, काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे लागतात आणि सामू ७.५ ते ८.५ वर जातो. वर निळं फुललेलं झाड खाली आणून लावलं तर दुसऱ्या वर्षी गुलाबी होतं, तेही फुललंच तर. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायालला ‘निळं बेट’ म्हणतात ते तिथल्या हायड्रेंजियांच्या कुंपणांमुळे. तीही ज्वालामुखीचीच जमीन, पण समुद्राच्या पावसाने धुतलेली. खडक कोणताही असो, शेवटचा शब्द पावसाचा.

त्यामुळे महाराष्ट्राचा नकाशा या झाडापुरता विचित्र पडतो. कोकणात माती हवी तशी आम्ल जांभ्याची, पण थंडी नाही. पुणे, नाशिक, साताऱ्याकडे हिवाळ्याच्या रात्री बऱ्यापैकी गार, पण माती आणि बोअरचं पाणी चुन्याचं. दोन्ही एकत्र मिळतात ते घाटमाथ्याच्या थोड्याशा उंच पट्ट्यात.

पुण्या-नाशिककरांना जागा बदलता येत नाही, पण माती कुंडीत बदलता येते. बारा इंचांहून लहान कुंडी घेऊ नये. कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि तांबडी माती अशी भर घालावी. काळी माती टाळावी. सिमेंटची कुंडी किंवा नवं प्लॅस्टर केलेली भिंत चुना सोडते, हे लक्षात ठेवावं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची उपासमार आहे. मातीत लोह असतं, चुन्यामुळे मिळत नाही. बोअरऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच. निळ्या रंगाची हौस असेल तर चहाचा एक चमचा तुरटीपूड चार लिटर पाण्यात विरघळवून, आधी भिजवलेल्या मातीत, कळी धरण्याआधीपासून तीन-चार आठवड्यांनी एकदा द्यावी. जास्त दिली तर मुळं भाजतात. खिळ्यांनी काही होत नाही, कारण रंग लोहाचा नाही. चहाच्या चोथ्यानेही फारसा फरक पडत नाही. हाडांचा चुरा आणि सुपर फॉस्फेट तर निळ्याचे शत्रू : स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं. हे सगळं रंगापुरतं. तुरटीने फूल येत नाही. आलेलं निळं होतं.

पाण्याबाबतीत आपला मराठी बागायती हात उलटा पडतो, म्हणून इथे जरा थांबते. बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यायचा, हे आपल्या हाडीमाशी खिळलं आहे. लिंबाला, डाळिंबाला ताण देऊन पाणी सोडलं की बहार फुटतो, मोगऱ्यालाही तसंच. बोगनवेल तहानेवर फुलते. हायड्रेंजियाला ताण म्हणजे शिक्षा. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी दोन-तीनदा पूर्ण वाळली, तर टोकाचा डोळा नुकता घडत असतानाच मार खातो. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच होते. एप्रिलच्या दुपारी पानं माना टाकतात, कारण पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त होतो. माती बोटभर खोल ओली असेल तर काही करू नका. संध्याकाळी पानं आपसूक उभी राहतात. दर वेळी पाणी ओतत गेलात तर मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही तसंच मान टाकतं.

याच माना टाकण्याला घाबरून लोक कुंडी पूर्ण सावलीत, जिन्याखाली नेतात. तिथे पानं सुंदर राहतात, फूल येत नाही. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि अकरानंतर सावली, म्हणजे पूर्वेची गॅलरी, हे याचं ठिकाण. दक्षिण-पश्चिमेची गच्ची नको.

खताचं थोडक्यात : युरिया आणि नत्रयुक्त खतांनी झाड पानांचा डोंगर होतं आणि कळी मागे पडते. पावसाच्या सुरुवातीला शेणखत, गणपतीनंतर नत्र बंद. एप्सम सॉल्टने फूल आलेलं मी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात पानांवर तपकिरी-जांभळे ठिपके पडतात. ती पानं काढावीत, हवा खेळती ठेवावी, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये.

जपानमध्ये हे फूल पावसाळ्याचं. जूनमध्ये कामाकुरातल्या मेइगेत्सु-इन मंदिराच्या आवारात सुमारे २,५०० निळी झाडं फुलतात आणि लोक छत्र्या घेऊन रांगा लावतात. फुलं ओसरली की लगेच, जुलै संपायच्या आत तिथले माळी छाटणी उरकतात, कारण शरदात नवे डोळे घडायच्या आधी नव्या काड्यांना वाढायला वेळ मिळाला पाहिजे. माझ्या मते आपल्याला इंग्लंडच्या नियमापेक्षा हाच नियम जवळचा आहे. पुण्यात फूल एप्रिल-मेमध्ये ओसरतं. गेंद हिरवट पडला की मृगाच्या आधी, फुललेल्या काड्या दोन-तीन जोड्यांखाली छाटाव्यात. न फुललेल्या काड्यांना हात लावू नये. तीन वर्षांहून जुन्या, सालं सुटलेल्या एक-दोन काड्या बुडातून काढाव्यात. पावसात नवी फूट वाढते, दसऱ्यापर्यंत पिकते. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत कुंडी घरातली सर्वांत गार, उघडी, रात्रीचं आकाश दिसेल अशी जागा मागते. दिवाळीच्या साफसफाईत तिला आत घेऊ नका, थंडीत ‘बिचारं गारठेल’ म्हणून झाकू नका. पानं पिवळी पडून गळली तर गळू द्या, तेवढ्या काळात पाणी कमी करा, पण माती कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका.

एवढं करून माझ्या झाडाला अकरा वर्षांत सात वेळा फूल आलं. थंडी लांबली त्या वर्षी नऊपैकी सहा काड्यांवर, थंडी रुसली त्या वर्षी एकाही नाही. पुण्यात याहून चांगल्या हिशेबाचं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. महाबळेश्वर-पाचगणीला घर असेल तर जमिनीत लावा, पुढच्या पिढीपर्यंत फुलेल. मुंबई, कोकण, गोव्यात फुललेली कुंडी आणा, सहा आठवडे डोळे भरून पाहा आणि मग ज्याचं घर घाटावर आहे अशा कुणाला देऊन टाका. त्या जागी पेंटास किंवा एक्झोरा लावा, ते तुमच्या हवेत वर्षभर झुपके देतील.

आणि पुढच्या वेळी नर्सरीत गेंद आवडला, तर किंमत विचारण्याआधी जात आणि वाणाचं नाव विचारा, आणि झाड कुठे वाढवलं तेही. उत्तर मिळालं नाही तर मॅक्रोफायला समजा, आणि गणपती उठले की कात्री कपाटात ठेवा.